पासष्ट किलो

१

जुनी गाडी तपासायला गेलो की मी बॉनेट सगळ्यात शेवटी उघडतो. बॉनेटखाली जे दिसतं, ते विकणाऱ्याने आपल्याला दाखवायचं ठरवलेलं असतं. मी आधी दारांची रबरं उचकटून बघतो, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याच्या मुळाशी गाळ अडकलाय का ते पाहतो, कार्पेटला चक्क नाक लावतो. आणि हे सगळं झालं की गाडी ट्रकच्या वजनकाट्यावर नेतो.

या शेवटच्या सवयीला भिवंडीतले दलाल हसतात. हसू देत. सत्तावीस वर्षं मी विमा कंपन्यांसाठी अपघाताच्या गाड्या तपासल्या आहेत. पुरात बुडालेली किंवा ठोकून उभी केलेली गाडी रंगाने खोटं बोलते, कागदपत्रांनी खोटं बोलते, पण वजनाने खोटं बोलत नाही. पोकळीत राहिलेला चिखल, आतून मारलेला पत्रा, सगळं काट्यावर येतं. आणि आमच्याकडे गोदामं इतकी की वजनकाटा शोधायला लांब जावं लागत नाही. चाळीस टनांच्या ट्रकसाठी केलेल्या लोखंडी फलाटावर एखादी बुटकी गाडी उभी केली की चहावाल्यापासून हमालापर्यंत सगळे बघायला येतात, पण पाच किलोच्या फरकाने का होईना, आकडा खरा मिळतो.

पूर्णा गावच्या महादू तरेंनी मला बोलावलं ते यासाठीच. त्यांच्या भाताच्या खाचरांवर आता तीन गोदामं उभी आहेत. एकुलता एक मुलगा दीपेश, त्याचं लग्न आठ दिवसांवर. हा दीपेश पाचवीपासून दहावीपर्यंत टेमघरला आमच्या घरी गणित शिकायला यायचा, माझ्या बायकोकडे, आसावरीकडे. अपूर्णांक आले की वहीवर डोकं ठेवून झोपायचा आणि मग मी त्याला स्कूटरवरून पूर्ण्याला सोडून यायचो. आम्हाला मूलबाळ नाही. तेव्हा हे काम माझ्यासाठी नुसतं काम नव्हतं, हे आधीच सांगतो.

"माधवराव, तुमी हो बोल्लात तरच गाडी घेनार," महादू म्हणाले. "पोरगा सुनेला त्याच गाडीतून घरी आननार हाय. ती मृणाली, आमची सून, तिला सांगून बसलाय. पन माझे पोराचे जिवाला धोका असंल, तं असली वस्तू मला दारात नको."

गाडी काल्हेरच्या एका गाळ्यात होती, टीव्हीच्या खोक्यांच्या थप्पीमागे. इटालियन, नारिंगी, दोनच सीटची. आठ महिने कापडाखाली उभी. दाखवणारा दलाल काशी. मालक कोण, विचारलं तर म्हणे परदेशात असतात. या वाक्याची मला मनापासून चीड आहे. माझ्या अनुभवात फसवणुकीच्या प्रत्येक गाडीचा मालक परदेशात असतो.

मी दोन तास तपासलं आणि काही सापडलं नाही. रंग कंपनीचा. रबरं कंपनीची. इंजिन पहिल्या दमात सुरू झालं. एकच गोष्ट लिहिण्यासारखी होती. डावीकडच्या सीटचा बेल्ट मी ओढला आणि सोडला, तर तो पूर्ण आत गेला नाही. अर्ध्यात थांबला आणि सीटपुढे एक सैलसर वेढा राहिला. स्प्रिंग कमकुवत, असं मी वहीत लिहिलं.

काशी या सगळ्या वेळात गाडीच्या उजवीकडेच उभा होता. मी त्याला डावं दार लावायला सांगितलं, तर म्हणाला, "तुम्हीच लावा ना, साहेब." मग चालवून बघायची वेळ आली. दलाल अशा वेळी शेजारी बसतो आणि कानाशी गाडीचे गोडवे गात राहतो, माझा आजवरचा अनुभव हाच. काशी म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे. मी बाईकवर येतो मागून."

मला त्याचा रागच आला. कोट्यवधीची गाडी अनोळखी माणसाच्या हातात देऊन हा बाईकवर येणार. लपवायला काहीतरी आहे, हे मी त्याच क्षणी ताडलं.

२

काल्हेरच्या काट्यावर नसीम असतो. आधी कापडाच्या लूमवर होता, हाताची दोन बोटं गेल्यावर काट्याच्या केबिनमध्ये आला. मला दहा वर्षं ओळखतो. मी गाडी फलाटाच्या मधोमध उभी केली, बंद केली, उतरलो आणि त्याच्या खिडकीशी जाऊन उभा राहिलो.

"साहब, क्लीनरला पण उतरवा ना," नसीम म्हणाला.

"कोणाला?"

"वो बाजूवाला. खाली गाडीचं वजन पाहिजे ना तुम्हाला? मग क्लीनर आत कशाला?"

ट्रकमध्ये डावीकडे जो बसतो तो क्लीनर. नसीमच्या लेखी विमानातसुद्धा डावीकडचा माणूस क्लीनरच असणार. मी वळून बघितलं. दुपारचे साडेबारा, काचेवर ऊन असं आपटत होतं की आतलं काही दिसत नव्हतं. मी परत चालत गेलो, दार उघडलं. दोन सीट. एकीवर माझी वही. दुसऱ्या सीटवर काहीच नाही, फक्त तो बेल्टचा सैल वेढा.

"आत कोणी नाही," मी खिडकीशी येऊन सांगितलं. "नीट बघत जा."

त्याने स्क्रीन अंगठ्याने पुसला. "धूप है. सीट का सिर दिखता होगा."

तेवढ्यावर ते संपलं. मी आकडा मागितला. एक हजार चारशे ऐंशी.

या गाडीचं पुस्तकातलं वजन, तेल-पाणी-पेट्रोल धरून, एक हजार चारशे पंधरा. मी पेट्रोलचा काटा दोनदा तपासला. माझी हत्यारांची पिशवी गाळ्यातच होती. डिकीत एक कापड आणि हवेचा पंप. पासष्ट किलो जास्त होतं.

मला जे वाटलं ते खरं सांगायचं तर समाधान होतं. सापडला, असं वाटलं.

३

पूर्ण्याच्या वाटेवर दुसरा काटा आहे, तिथे नेली. चौदाशे ऐंशी. दोन वेगळे काटे, दोन वेगळी माणसं, आकडा तोच. मी दोन्ही चिठ्ठ्या काशीच्या छातीवर आपटल्या.

"पासष्ट किलो पत्रा भरलाय यात. कुठे ठोकली होती गाडी?"

दलाल अशा वेळी शपथा घेतो. आईची, मुलांची, देवाची. काशीने चिठ्ठ्या नीट वाचल्या. घाम पुसला.

"पासष्टच ना?" तो म्हणाला. "म्हणजे वाढलं नाही."

"काय वाढलं नाही?"

"काही नाही, साहेब. भाव कमी करतो मी. पार्टीला सांगा."

मी भाव कमी कर म्हटलं नव्हतं. कोणीच म्हटलं नव्हतं. तासाभरात त्याने महादूंना फोन करून जो भाव सांगितला, तो ऐकून महादूंनी मला फोनवरच शाबासकी दिली. माझा पारा चढला. सत्तावीस वर्षांच्या कामाचा यांनी मासळीबाजार करून टाकला होता. मी दोष काढायचा, याने भाव उतरवायचा आणि त्याने खूष व्हायचं. दोष मात्र तसाच गाडीत.

"महादूशेठ, मला सूट नकोय," मी म्हणालो. "पासष्ट किलो कशाचे आहेत ते मला हवंय. ताशी दोनशेच्या वेगात तुमचा मुलगा त्याच्या भरवशावर बसणार आहे."

महादू म्हणाले, "दोन दिस घ्या. खोला काय खोलायची ती."

४

माझ्यासोबत रामू मेकॅनिक होता. वीस वर्षं माझ्याबरोबर गाड्या खोलतो, बोलतो कमी. गाळ्याचा पत्रा दुपारी तापून टिकटिक वाजत होता. बाहेर फोर्कलिफ्ट मागे जाताना पीप-पीप करायची, ती थांबली की आत इतकं शांत व्हायचं की आमच्या पान्याचा आवाजसुद्धा मोठा वाटायचा.

पहिल्या दिवशी कार्पेट, खालची पॅनेलं, बंपर, चाकांची अस्तरं सगळं काढलं. पोकळ्यांमध्ये नळीचा कॅमेरा घातला. चमचाभर चिखल नाही, वेल्डिंगचा एक टाका नाही. गाडी आतून इतकी स्वच्छ होती की मला तिचाच राग यायला लागला.

दुसऱ्या दिवशी डावी सीट काढली. चार बोल्ट. शेजारच्या धान्याच्या गाळ्यात नेऊन पोत्यांच्या काट्यावर ठेवली. वीस किलो. पुस्तकात लिहिलेलं तेवढंच. मग सीटशिवाय गाडी नसीमकडे नेली.

तेराशे पंच्याण्णव.

मी तिथेच उन्हात उभा राहून चिठ्ठीच्या मागे बेरीज केली. तेराशे पंच्याण्णव आणि वीस, चौदाशे पंधरा. बरोबर पुस्तकातलं वजन. जास्तीचे पासष्ट किलो सीटबरोबर निघून गेले होते, आणि सीट तर वीसच किलोची होती.

परत आलो. सीटचं कव्हर उसवलं. फोम, तारा, पट्ट्या. पुन्हा पोत्यांच्या काट्यावर ठेवली, वीस. आमची काहीतरी मोजायची चूक होते आहे, असं मी रामूला तीनदा समजावलं. तो काही विचारत नव्हता, तरी समजावलं.

सीट परत बसवताना रामू खाली वाकून बोल्ट आवळत होता. मी दाराशी उभा, एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात बोल्टांची डबी. शेवटचा बोल्ट बसला आणि सीटचं चामडं वाजलं. माणूस दमून येतो, आधी टेकतो, मग मागे रेलतो, तेव्हा चामडं जसं सावकाश करकरतं, तसं. पुढून मागे. सीटची गादी बोटभर खाली गेली.

रामूने सीटच्या रुळाखालचा हात पटकन बाहेर ओढला. हाताला काही झालं नव्हतं. तो माझ्याकडे बघत राहिला.

"साहेब, तुम्ही हात टेकला काय सीटवर?"

"हो," मी म्हणालो.

फोम उसवून परत भरला की हवा निघते, गादी बसते. यात नवल काही नाही. मी एकटाच गाडी घेऊन काट्यावर गेलो. जाताना उजवीकडच्या आरशात बघत होतो, रस्त्याकडे बघत होतो. डावीकडे बघण्याचं काही कारण नव्हतं. नसीमने आकडा सांगितला. चौदाशे ऐंशी.

तिसऱ्या दिवशी रामू आला नाही. फोनवर म्हणाला, गुडघे दुखतात. वीस वर्षांत त्याचे गुडघे कधी दुखले नव्हते. मी त्याला नाही नाही ते बोललो.

५

अहवालात मी लिहायचं ठरवलं, "घेऊ नये." पण त्याखाली एक रकाना असतो, कारण. तो मी आयुष्यात कधी कोरा सोडला नाही. काय लिहिणार होतो? वीस किलोची सीट गाडीत बसवली की पंच्याऐंशी किलोची होते? असं लिहिणाऱ्या सर्वेयरला मी स्वतः घरी बसवलं असतं. सकाळपासून गाडी बाजूला लावून नसीमच्या काट्याजवळच्या टपरीवर तो कागद घेऊन बसलो होतो आणि मस्तक तापलं होतं. काशीवर, रामूवर, त्या न लिहिता येणाऱ्या रकान्यावर.

तेवढ्यात दीपेश आला. कोणाच्या तरी बाईकवरून उतरला. पत्रिकांची पिशवी खांद्याला, लग्न तीन दिवसांवर.

"काका, पप्पा बोलले तुम्ही नाही म्हणताय."

"अजून लिहिलं नाही."

"मृणालीला मी सांगून बसलोय. तिच्या मैत्रिणी, घरचे, सगळ्यांना माहितीय." तो माझ्यासमोर बाकावर बसला. "काका, काट्याचीच चूक असेल हो. हे ट्रकवाले काटे. त्यांना छोट्या गाडीचं काय कळणार?"

दुसरं काहीही म्हणाला असता तर मी ऐकून घेतलं असतं. पण काटा खोटा? ज्याच्या भरवशावर मी सत्तावीस वर्षं दलालांशी भांडलो, तो खोटा?

"तुझं वजन किती?" मी विचारलं.

"बहात्तर. जिमवाल्याने कालच केलं. लग्नासाठी पाच किलो उतरवलं."

"चल. बस गाडीत. डावीकडे."

हे मी म्हणालो. त्याने मागितलं नव्हतं. काटा खरा आहे हे मला त्याला दाखवायचं होतं, एवढ्यासाठी मी त्या मुलाला त्या सीटवर बसवलं.

मी गाडी फलाटावर घेतली, उतरलो आणि खिडकीशी गेलो. नसीम म्हणाला, पंधराशे पन्नास. चौदाशे ऐंशी आणि बहात्तर. काटा पाच किलोच्या हिशेबाने दाखवतो, म्हणजे अगदी बरोबर.

"बघितलंस?" मी ओरडून म्हणालो. "काटा खरा आहे. उतर आता."

दीपेश उतरला नाही. काचेवर पुन्हा ऊन होतं, त्याचं नुसतं डोकं दिसत होतं, समोर बघत असलेलं. मी दोनदा हाक मारली. मग दार आतून उघडलं. डावा पाय बाहेर आला आणि बराच वेळ तेवढाच राहिला. मग त्याने छताची कड धरली आणि स्वतःला उचलून बाहेर काढलं. गाडी इतकी बुटकी, चांगल्या चांगल्या माणसाला उतरताना कष्ट पडतात. तो सावकाश चालत फलाटावरून खाली आला.

नसीम स्क्रीनकडे बघत होता. "हां, आता बराबर. दोनों उतर गए."

"दोघं कोण?"

"तुम्ही आणि ते, साहब."

मी मघापासून त्याच्या खिडकीशी उभा होतो. पण आकडा ऐकला आणि बाकी सगळं विसरलो. चौदाशे पंधरा. पुस्तकातलं वजन, नेमकं. मी गाडीकडे धावत गेलो, डावा बेल्ट ओढला आणि सोडला. सरसर पूर्ण आत गेला.

मग मला सगळं एका दमात समजलं, म्हणजे मी तसं समजून घेतलं. फलाटाखालचा सेन्सर अडकला होता. दीपेशच्या चढण्या-उतरण्याने सुटला. दोन काट्यांचे सेन्सर एकाच आकड्यावर कसे अडकतील, हा प्रश्न दाराशी उभा होता, पण मी त्याला आत घेतला नाही. मला आनंद झाला होता. हे लिहायला लाज वाटते, पण झाला होता. नसीमच्या खिडकीच्या फळीवर कागद ठेवला, "दोष नाही, घेण्यास हरकत नाही" असं लिहिलं आणि खाली सही केली.

६

गाडी त्याच दुपारी पूर्ण्याला गेली. दीपेश मात्र म्हणाला, काकूला पत्रिका द्यायची राहिलीय, टेमघरला येतो. मी त्याला स्कूटरवर मागे घेतलं, लहानपणी घ्यायचो तसंच.

तो बसला आणि मागचं चाक खाली गेलं. रिमपर्यंत बसलं की काय म्हणून मी वाकून पाहिलं. हवा होती. निघालो तर स्कूटर धाप लागल्यासारखी चालली. पुलाचा चढ आला तिथे ती मेलीच. मी गिअर बदलला, रेस दिली, पाय टेकून ढकललं. मागून रिक्षावाले हॉर्न मारत होते. महिन्यापूर्वीच सर्व्हिसिंगला नवे शॉकअप टाकले होते. त्या गॅरेजवाल्याला मी पुलावर उभ्या उभ्या शिव्या दिल्या. दीपेश गप्प होता. एरवी हा मुलगा दोन मिनिटं तोंड मिटून बसत नाही.

घरी आसावरीने चहा केला. तो पिऊन दीपेश गेला, आणि ती बराच वेळ जिन्याकडे बघत राहिली.

"कसा चालतो रे हा?" ती म्हणाली. "पाणी भरलेली घागर घेतल्यासारखा."

"लग्नाची धावपळ," मी म्हणालो. "वर जेवण सोडलंय, वजन उतरवायला."

"उतरलेलं वाटत नाही," ती म्हणाली.

मी तिच्यावर चिडलो. उगाच काहीतरी बोलू नकोस म्हणालो. कागदावर सही होऊन दोन तास झाले होते.

७

हळदीच्या दिवशी सकाळी अकरालाच पूर्ण्याला गेलो. तरेंच्या दारात मांडव, डीजे, अख्खं गाव. कमानीवर दीपेश आणि मृणालीचा हसरा फोटो. गाडी बाजूला, बॉनेटवर हार घातलेला. माझ्याकडे बघून चारजणांनी हात हलवले. यांनीच गाडी पास केली, असं महादू प्रत्येकाला सांगत होते.

मांडवाच्या मधोमध लाकडाच्या वखारीतला जुना मोठा तराजू टांगला होता, साखळ्यांना फळ्यांची पारडी. मला माहीत नव्हतं. महादूंनीच सांगितलं, त्यांच्या आईचा नवस होता. दीपेश वर्षाचा असताना तापाने हातचा जात होता, तेव्हा धोंडूबाईंनी गावदेवीला बोलून ठेवलं होतं, नातू लग्नाला उभा राहील तेव्हा त्याच्या भारंभार गूळ देईन. आज त्याची गूळतुला.

"आठ ढेपी आनल्यान," महादू म्हणाले. "धा-धा किलोची एक. आठ म्हंजे पुरून उरंल."

दीपेशला आणलं. हळदीने तोंडापासून पायापर्यंत पिवळा. दोन पोरांनी हात धरून त्याला पारड्यात बसवलं. पारडं जमिनीवर आदळलं आणि वरच्या वाशाला कड्याने असा ताण दिला की सगळ्यांनी मान वर केली.

ढेपी चढवायला लागले. चार झाल्या. सहा. आठवी ठेवली तरी दीपेशचं पारडं जमिनीवरच. लोक हसले. कोणी म्हणालं, सासरचं जेवण आधीच चालू झालं काय. एका पोराने गमतीत गुळाच्या पारड्यावर दोन्ही हात टेकून दाबलं. हललं नाही. मग त्याने हसणं थांबवलं आणि जोर लावून दाबलं.

"वानीकडून आना," धोंडूबाई म्हणाल्या. "देवीचा मान हाय, कमी पडता कामा न्हाय."

टेम्पो गेला आणि आला. नववी. दहावी. मी खांबाला धरून मोजत होतो. डीजे चालू होता, बायका गात होत्या, आणि इतक्या लोकांत एकालाही प्रश्न पडत नव्हता, याचा मला संताप आला. अकरावी. बारावी. तीनशे माणसं, त्यातले निम्मे गोदामांत रोज माल मोजणारे, आणि कोणाला कळत नाही की हा मुलगा परवा बहात्तर किलोचा होता. तेरावी. चौदावी ढेप ठेवली तेव्हा दीपेशचं पारडं जमिनीपासून बोटभर सुटलं आणि टाळ्या पडल्या.

धोंडूबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "आईने भरभरून घेतला," त्या म्हणत होत्या आणि हात जोडत होत्या.

मी गर्दीतून वाट काढत पारड्याशी गेलो. वाकलो. "दीपेश, काय होतंय तुला?"

तो माझ्याकडे बघत नव्हता. कमानीवरच्या फोटोकडे बघत होता, मृणालीच्या बाजूला. चेहरा हसरा होता. ओठ फार थोडे हलले.

"जागा कमी पडते, काका," तो म्हणाला.

आवाज त्याचाच होता. शाळेतून दमून आल्यावर तो असाच हळू बोलायचा.

मी सरळ महादूंकडे गेलो. त्यांना हाताला धरून मांडवाच्या कडेला ओढलं. "लग्न पुढे ढकला. चार दिवस, आठ दिवस. माझं ऐका."

महादू घाबरले. मला ते दिसलं. त्यांनी वळून दारातल्या गाडीकडे बघितलं. "का वो? गाडीत काय खोट निंगाली काय?"

"नाही."

"मंग? तुमीच लिवून दिलात. काय बाकी हाय काय गाडीत?"

मी तोंड उघडलं. माझ्याकडे आकडे होते. काट्याच्या चिठ्ठ्या खिशात होत्या. कारणाच्या रकान्यात लिहायला मात्र अजूनही काही नव्हतं, आणि हा बाप माझ्या तोंडाकडे बघत उभा होता.

"नाही," मी म्हणालो. "गाडीत आता काही नाही."

"मंग झालं तं," महादू म्हणाले. त्यांनी मोकळा श्वास सोडला, परातीतली हळद दोन्ही मुठींत घेतली आणि माझ्या गालांना फासली.